बडी रॉजर्सचा पट्टा: निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीत चॅम्पियन कोण ठरवतं?

नव्वदच्या दशकात ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेत त्यांना आठवत असेल, टीव्हीवर मॅच लागली की घरातलं कोणीतरी मोठं माणूस हमखास म्हणायचं, अरे ते सगळं ठरवून असतं. आणि ते खरंच आहे, ठरवूनच असतं. पण मला तेव्हापासून पडलेला प्रश्न असा की ठरवून असतं तर ठरवतं कोण, आणि पट्टा याच माणसाच्या कमरेला का, त्या दुसऱ्याच्या का नाही? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला बडी रॉजर्सच्या गोष्टीत सापडलं. १९६१ ते १९६३ या दोनच वर्षांत हा माणूस अमेरिकेतला सगळ्यात मोठा किताब जिंकला, हरला, मग एका नव्या किताबाचा पहिला मानकरी झाला आणि तोही ४८ सेकंदांत हरला. यातलं रिंगमधलं सगळं ठरलेलं होतं, आणि रिंगबाहेरची भांडणं मात्र शंभर टक्के खरी होती. ते नीट समजून घेऊ.

आधी थोडे शब्द. अमेरिकन प्रो रेसलिंगमध्ये चांगल्या बाजूच्या पैलवानाला बेबीफेस म्हणतात आणि व्हिलनला हील. दोघं खरे वैरी नसतात, एकमेकांचे अंग सांभाळून खेळतात, पण बाहेरच्या माणसाला हे कधीच कळू द्यायचं नाही असा त्या काळचा कडक नियम होता, त्याला केफेब म्हणायचे. म्हणजे हील आणि बेबीफेस एका गाडीतून प्रवाससुद्धा करायचे नाहीत, एका हॉटेलात जेवताना दिसायचे नाहीत. मॅच लावणारा, हॉल भाड्याने घेणारा, तिकिटं विकणारा आणि कोण जिंकणार हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रमोटर. आणि प्रत्येक प्रमोटरचा आपला आपला इलाखा, त्याला टेरिटरी म्हणायचे, सेंट लुईस एकाचं, शिकागो दुसऱ्याचं, न्यूयॉर्क तिसऱ्याचं, असं.

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. तिकडे मात्र नुरा हाच धंदा होता, आणि तो चांगला करायला प्रचंड कसब लागायचं. रॉजर्स त्यातला उस्ताद.

त्याचं खरं नाव हर्मन रोडे, जन्म २० फेब्रुवारी १९२१, न्यू जर्सीमधल्या कॅम्डेन गावात, आईवडील जर्मनीतून आलेले. कुस्तीत आला तो डच रोडे या नावाने, बडी रॉजर्स हे नाव नंतर चाळीसच्या दशकात लागलं. सोनेरी रंगवलेले केस, उन्हात तापवलेलं अंग, भारी झगे, आणि मुख्य म्हणजे ती चाल. रिंगमध्ये समोरच्याला पाडलं की हा छाती काढून, हात मागे टाकून, कोंबडा अंगणात फिरतो तसा डौलात फिरायचा आणि पब्लिकचं डोकं फिरायचं. त्याचा हुकमी डाव म्हणजे फिगर फोर, समोरच्याचे दोन्ही पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखे आपल्या पायांत अडकवायचे आणि मागे झुकायचं, गुडघ्यावर असा ताण येतो की माणूस ओरडतोच. 'नेचर बॉय' हे त्याचं बिरुद १९४८ साली याच नावाचं एक गाणं नॅट किंग कोलच्या आवाजात तुफान गाजलं त्यानंतर त्याला चिकटलं आणि कायमचं राहिलं.

नखरेल व्हिलन त्याच्या आधीही होते, गॉर्जस जॉर्ज तर रिंगमध्ये येण्याआधी नोकराकडून अत्तर शिंपडून घ्यायचा. पण मला विचाराल तर फरक असा की जॉर्जला बघून लोक हसायचे आणि चिडायचे, रॉजर्सला बघून चिडायचे आणि मनातून घाबरायचेसुद्धा, कारण हा खरंच जिंकेल असं वाटायचं. व्हिलनचं काम नेमकं हेच असतं. लोक पैसे देऊन येतात ते याला कोणीतरी बडवताना बघायला, आज नाही बडवला तर पुढच्या महिन्यात परत येतात. म्हणून खरं सांगायचं तर गल्ला हीरोच्या जोरावर जेवढा भरतो तेवढाच, कधीकधी जास्तच, व्हिलनच्या जोरावर भरतो. त्यात चाळीसच्या दशकाच्या शेवटी टीव्ही आला, शिकागोच्या मॅरिगोल्ड अरेनामधल्या कुस्त्या ड्यूमाँट नेटवर्कवरून देशभर दिसायला लागल्या, आणि ज्याला चेहऱ्याने, चालण्याने, एका तुच्छ नजरेने राग आणता येतो अशा माणसाची किंमत एकदम वाढली.

सुरुवातीला रॉजर्सचा कारभार जॅक फेफर नावाचा प्रमोटर बघायचा. १९४९ च्या सुमाराला रॉजर्स त्याला सोडून सेंट लुईसच्या सॅम मच्निकसाठी खेळायला लागला. तेव्हा सेंट लुईसमध्ये दोन प्रमोशन, म्हणजे प्रमोटरांच्या दोन कंपन्या, एकमेकांशी झुंजत होती आणि दुसऱ्या बाजूला होता लू थेझ. रॉजर्स आल्यावर मच्निकचे हॉल भरायला लागले, शेवटी दोन्ही बाजूंनी समेट केला. फेफरने राग कसा काढला तर 'बमी रॉजर्स' नावाचा एक नकली पैलवान उभा केला आणि त्याला हरायला लावत राहिला. थेझ हे नाव मात्र लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, किताब म्हणजे नेमकं काय.

१९४८ साली आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावात काही प्रमोटर एकत्र बसले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन केली, एनडब्ल्यूए. त्याआधी दर दोन-चार शहरांमागे एक 'जागतिक विजेता' असायचा. यांनी ठरवलं की जगज्जेता एकच ठेवायचा, तो सगळ्यांच्या इलाख्यात आळीपाळीने फिरेल, प्रत्येक गावच्या स्थानिक हीरोशी लढेल, हॉल भरेल आणि पुढच्या गावाला जाईल. थोडक्यात चॅम्पियन ही एक फिरती नोकरी होती. साखर कारखान्याच्या संचालकांनी मिळून चेअरमन निवडावा तसं प्रमोटर मिळून चॅम्पियन निवडायचे, मतं मोजून, रुसवेफुगवे काढून. एकमेकांचे पैलवान पळवायचे नाहीत, एकमेकांच्या इलाख्यात घुसायचं नाही असाही करार होता, इतका घट्ट की १९५६ मध्ये अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने मक्तेदारीच्या कायद्याखाली त्यांना धरलं आणि तडजोडीच्या हुकूमनाम्यावर सही करायला लावली.

चॅम्पियनला २५ हजार डॉलर अनामत ठेवावी लागायची. का? कारण समजा संघटना म्हणाली की आता अमक्याकडून हर, आणि हा म्हणाला नाही हरत, पट्टा घेऊन चाललो दुसऱ्या प्रमोटरकडे, तर काय करायचं? मग अनामत जप्त. त्या काळात एवढ्या पैशात चांगलं घर यायचं, म्हणजे ही रक्कम नावापुरती नव्हती.

याच्यापेक्षाही मोठी भीती दुसरी होती, डबलक्रॉस. म्हणजे ठरलंय एक आणि समोरचा रिंगमध्ये खरीच कुस्ती करायला लागला तर? हे झालेलं होतं. १९२५ साली वेन मन नावाचा फुटबॉलमधून आलेला धिप्पाड गडी चॅम्पियन केला होता, दिसायला भारी पण कुस्ती यथातथा, आणि फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झबिस्को या पोलिश मल्लाने ठरलेलं सगळं गुंडाळून ठेवून त्याला खरोखर चितपट केलं. मागच्या खोलीत दुसऱ्या गटाशी त्याचं आधीच बोलणं झालं होतं. (हाच झबिस्को १९१० मध्ये लंडनला आपल्या गामा पैलवानाशी बरोबरीत सुटला होता आणि १९२८ मध्ये पतियाळाला त्याच गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आसमान दाखवलं, म्हणजे खऱ्या कुस्तीत गामा कुठल्या उंचीवर होता बघा.) त्यानंतर शहाणे प्रमोटर म्हणायला लागले की चॅम्पियन असा हवा ज्याला कोणी मनात आणलं तरी खरोखर पाडू शकणार नाही. अशा खऱ्या ताकदीच्या मल्लाला ते शूटर म्हणायचे. लू थेझ हा त्यातला अव्वल, १९४९ पासून बरीच वर्षं एनडब्ल्यूएचा पट्टा त्याच्याकडेच होता.

रॉजर्स शूटर नव्हता. तो होता हॉल भरणारा, आणि इथूनच सगळं पुढचं रामायण.

३० जून १९६१, शिकागो, कॉमिस्की पार्क. हे बेसबॉलचं मैदान. चॅम्पियन होता न्यूझीलंडचा पॅट ओकॉनर, सुबक तंत्राचा, सरळ माणूस, लोकांचा लाडका. समोर रॉजर्स. ३८,६२२ प्रेक्षक. १९५२ मध्ये थेझच्या एका मॅचने अमेरिकेत पहिल्यांदा एक लाख डॉलरचा गल्ला जमवला होता, तो आकडा त्या रात्री सहज मागे पडला. तीन फॉलपैकी दोन जिंकायचे अशी पद्धत (फॉल म्हणजे समोरच्याला एकदा चीत करणं किंवा शरण आणणं), एक-एक बरोबरी झाली, तिसऱ्यात ओकॉनरने ड्रॉपकिक म्हणजे उडी मारून दोन्ही पायांची लाथ मारली, ती हुकली, तो दोरांवर वाईट आपटला आणि रॉजर्सने त्याला दाबून पिन केलं. बघा इथेही कारागिरी कशी आहे, हीरो हरला पण त्याची लाज गेली नाही, त्याचं नशीब फुटलं एवढंच, आणि व्हिलन जिंकला पण कर्तबगारीने नाही, म्हणजे राग शिल्लक. वर रॉजर्सने माइक हातात घेऊन सांगितलं की याहून चांगल्या माणसाला हे मिळूच शकलं नसतं, अशा अर्थाचं. स्वतःबद्दल! चाळीस हजार लोकांसमोर! मला हे वाक्य आजही जबरदस्त वाटतं, कारण एका ओळीत त्याने पुढच्या दोन वर्षांची तिकिटं विकली.

रॉजर्स चाळिशीत जगज्जेता झाला. आणि लगेच कुरबुर सुरू झाली.

झालं असं की रॉजर्सवर खरा ताबा होता ईशान्येकडच्या प्रमोटरांचा, विन्स मॅकमॅहन सीनियर आणि टूट्स माँट. हे मॅकमॅहन म्हणजे आपण टीव्हीवर बघितलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्या विन्सचे वडील. आणि हा माँट १९२५ मध्ये त्या वेन मनला चॅम्पियन करणाऱ्या त्रिकुटातला एक होता, म्हणजे दिखाऊ चॅम्पियन करून हात पोळलेला माणूस छत्तीस वर्षांनी परत तोच डाव खेळत होता. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग या मोठ्या शहरांत रॉजर्स गर्दी खेचायचा, त्यामुळे यांनी त्याच्या बऱ्याचशा तारखा आपल्याच इलाख्यात लावल्या. बाकीचे प्रमोटर म्हणायला लागले की चॅम्पियन सगळ्यांचा आहे ना, मग आमच्याकडे कधी येणार? मला दोन्ही बाजू समजतात. एकाच्या दृष्टीने कमावता घोडा आपल्या तबेल्यात ठेवणं शहाणपणाचं, दुसऱ्याच्या दृष्टीने सामाईक विहिरीवर एकानेच पंप बसवल्यासारखं.

१९६२ हे वर्ष त्याला फार वाईट गेलं. ऑगस्टमध्ये न्यूअर्कला बोबो ब्राझील या कृष्णवर्णीय स्टारने त्याला हरवलं, पण रॉजर्सला आधीच दुखापत झाली होती असं कारण पुढे आलं आणि ब्राझीलने पट्टा घ्यायला नकार दिला. ही ठरवलेली कथा होती, परत मॅच लावता यावी म्हणून. एनडब्ल्यूएच्या यादीत ब्राझीलचं नाव नाही, पण पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता म्हणून अनेकजण त्याचंच नाव घेतात आणि मला ते रास्त वाटतं. त्याच महिन्याच्या शेवटी कोलंबसला ड्रेसिंग रूममध्ये कार्ल गॉच आणि बिल मिलर या दोघांशी रॉजर्सची खरीखुरी मारामारी झाली. हे ठरलेलं नव्हतं. दोघंही अस्सल मल्ल, रॉजर्स आपल्याशी खेळायचं टाळतो हा त्यांचा राग, दारात त्याचा हात सापडून दुखावला आणि प्रकरण पोलिसात गेलं. नोव्हेंबरमध्ये माँट्रियलला किलर कोवाल्स्कीशी खेळताना त्याचा घोटा मोडला. पट्ट्याचा माणूस जखमी, तारखा रद्द, प्रमोटर आधीच तापलेले.

मग सॅम मच्निक आणि मंडळींनी ठरवलं, पट्टा परत थेझकडे. तोच मच्निक ज्याचे हॉल रॉजर्सने भरले होते, आणि तोच थेझ ज्याच्या विरोधात भरले होते. थेझ तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि त्याला रॉजर्स मनापासून आवडत नव्हता, कारण एकदा गाडीतून जाताना रॉजर्स एड 'स्ट्रँगलर' लुईसबद्दल हलकं बोलला होता आणि लुईस म्हणजे थेझचे गुरू. आपल्याकडे वस्तादाबद्दल कोणी वाकडं बोललं तर काय होतं ते सांगायला नको, तिकडेही तसंच.

२४ जानेवारी १९६३, टोरांटो, मेपल लीफ गार्डन्स. रॉजर्सला निरोप गेला होता की ऐकलं नाहीस तर २५ हजारांची अनामत विसर. थेझने पुढे स्वतः सांगितलंय की रिंगमध्ये त्याने रॉजर्सला स्पष्ट बजावलं, सोप्या मार्गाने कर नाहीतर अवघड मार्गाने मी करवून घेईन. आणि करवून घेऊ शकेल असा तो होताच. रॉजर्स हरला. आता कळतं ना की शूटर का लागायचा? ठरलेल्या कुस्तीतसुद्धा शेवटचा शब्द खऱ्या ताकदीचा होता, फक्त ती वापरायची वेळ क्वचित यायची. (आणि हाच थेझ १९६८ मध्ये मुंबईत दारा सिंगकडून हरला, म्हणजे रॉजर्सपासून आपल्या दारा सिंगपर्यंत मधे फक्त एक माणूस आहे.)

पण त्या मॅचमध्ये एक फट राहिली होती. ती एकाच फॉलची झाली. किताबाच्या लढती तर तीनपैकी दोन फॉलच्या असतात ना, असं म्हणत मॅकमॅहन आणि माँट यांनी थेझला चॅम्पियन मानायलाच नकार दिला. हे अर्थातच निमित्त. खरं कारण असं की न्यूयॉर्कमध्ये थेझ गर्दी खेचत नाही असं त्यांचं मत होतं आणि मुख्य म्हणजे आपला पैसेवाला इलाखा त्यांना इतरांच्या मतावर चालवायचा नव्हता. त्यांनी वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन काढली, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ. एप्रिल १९६३ मध्ये जाहीर केलं की ब्राझीलमधल्या रिओ द जनेरोला मोठी स्पर्धा झाली, अंतिम सामन्यात अँटोनिनो रोकाला हरवून रॉजर्स पहिला विजेता झाला. अशी स्पर्धा झालीच नव्हती. रिओ का, तर तिथे जाऊन खात्री कोण करणार, त्या काळात बातमी तपासायची सोय कुठे होती सामान्य माणसाकडे. आज ज्याला आपण डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतो त्याच्या मुख्य किताबाच्या वंशावळीतलं पहिलं नाव हे असं लागलंय.

मग इतकं करून त्याला चॅम्पियन केलं तर महिनाभरात हरवलं कशाला? कारण नवा पट्टा रिकाम्या हवेतून कोणाला दिला तर त्याला वजन येत नाही. रॉजर्सकडे वजन होतं, दोन वर्षं लोकांनी त्याला जगज्जेता म्हणून शिव्या दिल्या होत्या. त्याच्याकडून जो घेईल तो खरा. आणि घेणारा तयार होता, ब्रुनो सॅमार्टिनो, इटलीतल्या पिझ्झोफेराटो गावचा, महायुद्धात लहानपणी जर्मन सैनिकांपासून डोंगरात लपून राहिलेला, मग पिट्सबर्गला येऊन वजनं उचलून उचलून बैलासारखा झालेला. न्यूयॉर्कमध्ये इटालियन वस्ती केवढी, त्यांच्यासाठी हा घरचाच मुलगा.

१७ मे १९६३, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ४८ सेकंद. ब्रुनोने रॉजर्सला उचललं, पाठीवर आडवं घेऊन कमरेतून वाकवलं आणि रॉजर्सने शरणागती दिली. गार्डन फुटायचं बाकी होतं. एवढी छोटी मॅच का यावर अजून वाद आहे. रॉजर्सच्या हृदयाला त्रास होता म्हणून ती लवकर उरकली असं एक म्हणणं, ब्रुनोने ते कधी मानलं नाही. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की दोन वर्षं कोणाला न आवरणारा माणूस मिनिटाच्या आत संपला आणि ब्रुनो एका रात्रीत देव झाला. पुढे त्याने तो पट्टा १८ जानेवारी १९७१ पर्यंत सोडला नाही, पावणेआठ वर्षांच्या आसपास.

रॉजर्सची चॅम्पियन म्हणून कारकीर्द तिथे संपली, थोड्याच दिवसांत नियमित खेळणंही. पण एनडब्ल्यूएचा आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफचा, हे दोन्ही किताब घेणारा पहिला माणूस तोच, आणि त्याच्यानंतर दुसऱ्या माणसाला तिथे पोहोचायला १९९२ साल उजाडलं, रिक फ्लेअर.

फ्लेअरने रॉजर्सचं सगळंच घेतलं होतं, सोनेरी केस, झगे, ती कोंबड्याची चाल, फिगर फोर, 'नेचर बॉय' हे नावसुद्धा. साहजिकच सत्तरच्या दशकाच्या शेवटी परत आलेल्या म्हाताऱ्या रॉजर्सशी त्याची गाठ घालायची असं प्रमोटरांनी ठरवलं. जुलै १९७९, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो, अठ्ठावन्न वर्षांचा रॉजर्स आणि तिशीचा फ्लेअर, पणाला लागलेलं ते एक नाव. निकाल अर्थातच आधी ठरलेला होता. रॉजर्स रिंगमध्ये गेला आणि त्याच फिगर फोरमध्ये फ्लेअरकडून हरला.